ताण तोडणार कोण?

मराठी भाषेत 'सोसणे' या क्रियापदाला मोठी प्रतिष्ठा आहे. ज्याने फार सोसले तो थोर, जिने मुकाट्याने सोसले ती घरंदाज आणि ज्या प्रदेशाने दुष्काळामागून दुष्काळ सोसले तो चिवट, अशी मोजमापे समाजाने पूर्वापार स्वीकारलेली आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला तर 'चिवट' हे विशेषण इतक्या वेळा आले आहे की, ते गौरव म्हणून दिले जाते की सबब म्हणून, असा प्रश्न पडावा. सोसणाऱ्याचे कौतुक केले म्हणजे त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरविण्याची जबाबदारी आपोआप टळते. तथापि शरीराची जमाखर्चाची वही निराळी असते. तिच्यात कौतुकाचा रकाना नाही. सोसलेला प्रत्येक दिवस तेथे खर्ची पडतो, आणि भरपाई वेळेवर झाली नाही तर ती थकबाकी रोगाच्या रूपाने वसूल केली जाते.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे नाव बाहेरच्या वाचकाला १९७२ ते १९७४ या काळातील हत्याकांडामुळे आठवते, हे त्या गावाचे दुर्दैव. वास्तविक परभणी-पाथरी रस्त्यावरील या गावाची खरी ओळख कापसाची. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातून कापसाच्या गाड्या बाजाराकडे येऊ लागतात आणि जिनिंगची यंत्रे घरघरू लागतात. त्या गाड्यांतील प्रत्येक किलो कापूस कोणा तरी बाईच्या बोटांनी बोंडातून काढून कमरेच्या ओटीत टाकलेला असतो. वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. म्हणजे झाडाखाली घालविलेली दहा मिनिटे ही तिच्या लेखी विश्रांती नसते, ती थेट तूट असते. ऑक्टोबरचे ऊन संपून थंडी पडते, वेचे सरतात, पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे गेला असताना तीच बाई त्याच काळ्या रानात धसकटे वेचताना दिसते. घरी परतल्यावर चूल, पाणी, आजारी सासू, थकलेले पीककर्ज आणि मुलीच्या शिक्षणाची चिंता तिची वाट पाहत असते. लोक म्हणतात, बाई काटक आहे. तिच्या शरीरातील पेशींचे याविषयीचे म्हणणे मात्र वेगळे आहे, आणि ते आता विज्ञानाला बऱ्याच अंशी ऐकू येऊ लागले आहे.

'ताण' हा शब्द शहरी सुशिक्षितांना मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेला वाटतो. शेतकऱ्याला तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पावसाने ताण दिला, पिकाला ताण बसला, ही त्याची रोजची भाषा. जालना आणि छत्रपती संभाजीनगर या भागांतील मोसंबीचे बागायतदार तर बहार धरण्यासाठी झाडाला मुद्दाम ताण देतात. पाणी बंद केले जाते, झाडाची वाढ थांबते, काही पाने गळतात, अन्नसाठा फांद्यांत राहतो आणि नंतर पाणी दिले की झाड फुलांनी लगडते. हलक्या जमिनीत हा ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस द्यावा लागतो. मात्र या सर्व खटाटोपात बागायतदाराचे खरे कौशल्य ताण देण्यात नसून ताण तोडण्यात असते. पान किती गळले, फांदी कोठवर सुकली याकडे त्याचा डोळा असतो. योग्य दिवशी पहिले पाणी सुटले नाही तर बहार तर जातोच, पण फांद्याही वाळतात. ताणाविषयीचे आधुनिक शरीरशास्त्र शंभर वर्षांच्या संशोधनानंतर ज्या निष्कर्षाला आले आहे, तो निष्कर्ष बागायतदाराच्या 'ताण तोडणे' या दोन शब्दांत सामावलेला आहे. ताण वाईट नव्हे. न तुटणारा ताण वाईट.

कापसाचे झाड याचेच दुसरे उदाहरण. पाऊस लांबला की आधी पाते गळते, मग फूल, मग कोवळी बोंडे. शेतकऱ्याला ते नुकसान दिसते, पण झाडाच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय असतो. जेवढे पोसता येईल तेवढेच ठेवायचे आणि बाकीचा भार टाकून द्यायचा. वनस्पतीच्या अंगातील संप्रेरके देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल करतात आणि पाते गळून पडते. पुन्हा पाऊस आला की ज्या वाणात शक्ती असते तो नव्याने बहरतो. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८४ साली दिलेला 'नांदेड-४४' हा संकरित वाण याच पुनर्बहाराच्या गुणामुळे कोरडवाहू शेतकऱ्यांत लोकप्रिय झाला होता. कोरडवाहू रानात नुसते सोसणारे वाण कामाचे नाही, सोसून पुन्हा उभे राहणारे वाण हवे, हे त्या शास्त्रज्ञांनी ओळखले होते. माणसाची अडचण अशी की, त्याला आपला भार पात्यासारखा गाळून टाकता येत नाही. कर्ज गळत नाही, संसार गळत नाही.

पेशीच्या पातळीवर ताण म्हणजे नेमके काय, याचा उलगडा एका अपघाताने सुरू झाला. इटलीतील फेरुचिओ रितोसा हे फळमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. एका सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान चुकून वाढविले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांवर नव्याच ठिकाणी फुगवटे दिसले. याचा अर्थ असा की, उष्णता लागताच काही विशिष्ट जनुके घाईघाईने जागी झाली होती. १९६२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९७४ साली या जनुकांपासून बनणारी प्रथिने सापडली आणि पुढे लक्षात आले की, जीवाणूपासून वनस्पतीपर्यंत आणि माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ प्रत्येक सजीवात ही व्यवस्था आहे. भारतातही या विषयावर मोलाचे काम झाले. काशी हिंदू विश्वविद्यालयातील सुभाषचंद्र लखोटिया यांनी फळमाशीतील अशाच एका उष्णताप्रेरित जनुकाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्या जनुकापासून प्रथिन बनतच नाही, तरीही ताणाच्या प्रसंगी ते पेशीला आवश्यक असते, हा त्या संशोधनाचा वैशिष्ट्यपूर्ण भाग.

पेशीतील सर्व कामे प्रथिने करतात, आणि प्रथिन काम करते ते त्याच्या घडीमुळे. लांबलचक धाग्याची ठरावीक पद्धतीने घडी बसली तरच ते उपयोगी पडते. शरीराचे तापमान नेहमीपेक्षा काही अंशांनी वाढले, विष गेले, प्राणवायू कमी पडला किंवा साखर अतोनात वाढली, तर या घड्या विस्कटू लागतात. विस्कटलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि पेशीत गुंता होतो. अशा वेळी पेशी आपली नेहमीची कामे पुष्कळशी थांबविते आणि मदतनीस प्रथिने तयार करू लागते. लग्नघरात आयत्या वेळी पाहुणे वाढले की गप्पा मारीत बसलेली मंडळी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरतात, तसाच काहीसा हा प्रकार. हे मदतनीस उसवलेल्या प्रथिनाला धरून ठेवतात, त्याची घडी पुन्हा बसवितात आणि जे सुधारणेपलीकडे गेले असेल ते मोडीत काढायला पाठवितात. या कामाचा आदेश देणारे एक सूत्रधार प्रथिन असते. एरवी ते याच मदतनिसांनी बांधून ठेवलेले असते. मदतनीस कामाला गुंतले की सूत्रधार मोकळा होतो आणि आणखी मदतनीस घडविण्याचा आदेश सोडतो. काम उरकून मदतनीस परतले की तो पुन्हा बांधला जातो आणि धावपळ थांबते.

या रचनेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पेशीची ही यंत्रणा मुळातच थांबण्यासाठी घडविलेली आहे. संकट येईल, हात कामाला लागतील, संकट जाईल, हात मोकळे होतील, असे तिने गृहीत धरलेले आहे. संकट गेलेच नाही तर काय होते? मदतनीस अपुरे पडतात, गुंता वाढतो, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होतो आणि शेवटी पेशी स्वतःला संपविते. हा आत्मनाशही शिस्तबद्ध असतो, शेजारच्या पेशींना त्रास न देता पार पडतो. वाढत्या वयात ही संरक्षक प्रतिक्रिया मंदावते, आणि म्हणूनच उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांना आधी गाठले जाते. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी मधुमेहात थकून जातात, त्यामागेही प्रथिनांच्या घड्यांचा हाच न संपणारा ताण एक कारण असतो. मेंदूच्या ऱ्हासाच्या काही रोगांतही चिकटलेल्या प्रथिनांचे गुंते आढळतात. आरोग्य आणि रोग यांच्यामधली सीमा पुष्कळदा येथेच असते.

एका पेशीत जे घडते त्याचीच मोठी आवृत्ती सबंध शरीरात दिसते. हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले की, भय किंवा संताप उत्पन्न होताच शरीर झुंजण्याची अथवा पळण्याची तयारी करते. हृदयाची गती वाढते, साखर रक्तात उतरते, पचन थांबते. मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी १९३६ साली एक वेगळेच निरीक्षण नोंदविले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा किंवा विषारी द्रव्य टोचा. कारण कोणतेही असो, दीर्घकाळच्या छळानंतर शरीरातील विकृती एकसारखीच दिसते. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी निगडित असलेली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. सावधानता, प्रतिकार आणि शेवटी शक्तिपात अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. यातून कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे महत्त्व पुढे आले. हे संप्रेरक शत्रू नव्हे. पहाटे त्याची पातळी वाढते म्हणून तर माणूस अंथरुणातून उठतो. वाढलेले कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असा निरोपही देते आणि आपले उत्पादन आपणच कमी करविते. येथेही पुन्हा तेच. थांबण्याची सोय आत बसविलेली आहे.

थांबण्याची संधीच न मिळालेल्या शरीरात मात्र हा निरोप बोथट होतो. रक्तदाब चढा राहतो, पोटावर चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो, झोप तुटक होते, जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग वारंवार होतो. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलार या अमेरिकन संशोधकांनी १९९३ साली या साचत जाणाऱ्या झिजेला एक स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत त्यासाठी 'झीज' हाच शब्द पुरेसा आहे. जात्याचा दगड झिजतो, तशी रक्तवाहिनी झिजते. फरक एवढाच की जात्याला टाकी लावता येते.

मानवतच्या रानात या झिजेचे पहिले कारण आहे ऊन. शरीर उन्हाशी लढते ते रक्त त्वचेकडे वळवून आणि घाम गाळून. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. रक्त त्वचेकडे वळले की आतड्यांना आणि मूत्रपिंडांना ते कमी पडते. हे फार वेळ चालले तर आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि जीवाणूंची विषे रक्तात उतरतात. उष्माघातात आतले तापमान चाळीस अंशांपलीकडे जाऊन माणूस बरळू लागतो, बेशुद्ध पडतो. त्यामागे केवळ तापलेले डोके नसते, सबंध शरीरातील प्रथिनांची घडी विस्कटलेली असते. म्हणून अशा रुग्णाला गाडीत घालण्याच्या घाईआधी भिजवून, वारा घालून गार करणे हा पहिला उपचार ठरतो. शरीर उन्हाला सरावते हेही खरे, पण त्या सरावाला एक ते दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे ऊन टळले की तो सराव मोडतो. लग्नसराई किंवा आजारपण आटोपून थेट रानात उतरणारा मजूर त्यामुळे अधिक धोक्यात असतो. रायगड जिल्ह्यातील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी खुल्या मैदानातील सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता. हवेत बाष्प असले की घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम शरीराला गार करीत नाही, एवढे साधे सत्य विसरले गेल्याची ती किंमत होती.

उष्माघात बातमीत येतो. बातमीत न येणारी हानी मूत्रपिंडांची. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांत, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, मूत्रपिंड निकामी होण्याची साथच दिसून आली. तिच्या कारणांविषयी संशोधन अद्याप चालू आहे, तरी कडक उन्हातील अतिश्रम आणि वारंवार होणारा जलशोष यांवर संशयाचे बोट आहे. त्यावर तेथे जो उपाय योजला गेला त्याचे नाव पाणी, विश्रांती आणि सावली. मराठवाड्यातील स्त्री-मजुरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी उघडपणे बोलली जात नाही. रानात आडोसा नसतो. म्हणून बाई सकाळपासून पाणीच बेताने पिते आणि लघवी रोखून धरते. जलशोष आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही दुहेरी शिक्षा ती लाजेपायी पत्करते.

चरकसंहितेच्या निदानस्थानात शरीर सुकविणाऱ्या 'शोष' या रोगाची चार कारणे सांगितली आहेत. साहस म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, संधारण म्हणजे नैसर्गिक वेग रोखून धरणे, क्षय म्हणजे धातूंची झीज आणि विषमाशन म्हणजे अवेळी, अपुरे, कसेतरी खाणे. वेचणीच्या हंगामातील मजूर स्त्रीच्या दिनक्रमात ही चारही कारणे ओळीने सापडतात. चरकाला पेशी ठाऊक नव्हत्या, आणि त्या ठाऊक होत्या असा दावा करून त्याचे मोठेपण वाढत नाही. रोग्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले की काय दिसते, एवढे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आयुर्वेदाने एरवी निषिद्ध मानलेली दुपारची झोप ग्रीष्म ऋतूत मात्र मोकळेपणाने सांगितली आहे. ऋतुचर्येची व्याख्याने शहरांतील सभागृहांत भरपूर होतात. तिच्यातील ही एक ओळ शेताच्या बांधापर्यंत पोहोचविण्याचे काम कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

झिजेचे दुसरे कारण चिंता. शरीराच्या दृष्टीने ती कमी खरी नसते. अंगावर धावून आलेला बैल आणि दारात उभा राहिलेला सावकार यांत अधिवृक्क ग्रंथी फारसा भेद करीत नाहीत. बैल निघून जातो, हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८ माता होत्या, त्यांपैकी बहुसंख्य आपल्या दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या. ज्या मातांना सर्वाधिक ताण जाणवत होता त्यांच्या पांढऱ्या पेशींतील गुणसूत्रांची टोके इतरांहून आखूड निघाली. तो फरक सुमारे दहा वर्षांच्या वार्धक्याइतका होता. पुढच्या संशोधनांत या परिणामाचे प्रमाण कमी-अधिक आढळले, तरी चिंता पेशीपर्यंत पोहोचते ही गोष्ट आता शंकेची राहिलेली नाही. 'मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला देणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही थकबाकी पुढच्या पिढीच्या नावेही चढते, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा जगाला महाराष्ट्रानेच दिला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथम्प्टनच्या बालकांचे वजन ३.५ किलो होते. परंतु वजनातील फरकापेक्षा शरीराच्या घडणीतील फरक अधिक बोलका होता. पुण्याच्या बालकांत स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. गर्भाने टंचाई ओळखली आणि जे आधी वाचवायचे ते वाचविले, कापसाच्या झाडाने पाते गाळावे तसे. हा तह त्याला पुढे महागात पडतो. अशा बालकाला मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो. याच खेड्यांत आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या कामाचा भार मोजला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरातील आणि शेतातील कष्ट जितके जास्त तितके बाळ लहान, असा संबंध दिसून आला. डोहाळजेवण थाटात करणाऱ्या समाजाला हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा वाटायला हवा. ओटी भरण्याचा विधी एक दिवसाचा, रानातली कापसाची ओटी मात्र सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कमरेला असते.

यावर ठरलेले उत्तर तयार असते. योगासने करावीत, प्राणायाम करावा, नामस्मरण करावे. या साधनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. संथ श्वसनाने हृदयाची गती उतरते आणि शरीराची शांतविणारी यंत्रणा जागी होते, हे प्रयोगांनी दिसले आहे. भजनी मंडळात बसलेल्या माणसाचे मन हलके होते, हे सांगायला प्रयोगाचीही आवश्यकता नाही. पण ज्याच्या अंगावरचे ओझे उतरविणे दुसऱ्याच्या हातात आहे, त्यालाच धीर धरण्याचा उपदेश करणे हा अध्यात्माचा उपयोग नव्हे, ती पळवाट झाली. तोच प्रकार उपवासाचा. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशी स्वतःतील मोडतोड पचवून कशी टाकते या शोधासाठी, आणि उपासमारीत ही क्रिया वाढते. झाले, एकादशीचे माहात्म्य विज्ञानाने सिद्ध झाल्याचे निरोप भ्रमणध्वनीवर फिरू लागले. भरल्या घरच्या माणसाला एकादशी मानवतही असेल. जिची भाकरी रोजच अर्धी असते तिच्या पेशींना मोडतोड पचविण्याची नव्हे, नवे बांधण्याची सामग्री हवी असते.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी घरोघरी बोलायला सुरुवात केली, समुपदेशन केले, गरज पडेल तेथे डॉक्टरांशी गाठ घालून दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अवघ्या दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मोठी इमारत नाही, महागडे यंत्र नाही. बोलायला विश्वासाचे माणूस मिळाले एवढेच. महाराष्ट्र शासनानेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशा कार्यकर्तींवर शेतकरी कुटुंबांतील ताणग्रस्त माणूस हेरण्याचे काम सोपविले. केंद्राची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. कायदाही बदलला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला उपचार मिळावेत, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. शासनाने ताणाला गुन्ह्याच्या वहीतून काढून आरोग्याच्या वहीत नेले. गावाच्या मनातली नोंद मात्र अजून जुन्याच पानावर आहे.

उन्हाच्या बाबतीत तर उपाय आणखी सोपे आहेत. २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेने हादरलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला, आणि त्याचे अनुकरण देशभर झाले. केरळचा श्रम विभाग कडक उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळेत उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा आदेश काढीत आला आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी देणे आवश्यक ठरविले होते. कारखान्यातील मजुराला तर १९४८ पासूनच पाणी आणि स्वच्छतागृह यांचा हक्क आहे. खासगी शेतात वेचणी करणाऱ्या बाईला मात्र यांपैकी काहीच लागू होत नाही, कारण तिचा मालक हा स्वतःच कर्जाने वाकलेला तीन-चार एकरांचा शेतकरी असतो. त्याच्यावर नवा कायदा लादून काही साधणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणूनच हे काम समाजाचे आहे. वैशाखात पाणपोया घालण्याची आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान देण्याची परंपरा महाराष्ट्रात जिवंत आहे. या पाणपोया बहुधा बसस्थानकासमोर, देवळासमोर, बाजाराच्या तोंडाशी असतात. तहान मात्र शिवारात असते. एखाद्या गणेश मंडळाने, एखाद्या भजनी मंडळाने वेचणीच्या आणि धसकटांच्या दिवसांत शिवाराच्या चार दिशांना रांजण, ताडपत्रीची सावली आणि स्त्रियांसाठी गोणपाटाचा आडोसा उभा केला, तर त्याचा खर्च एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाहून अधिक येणार नाही. आशा कार्यकर्तीकडे रक्तदाबाचे यंत्र असेल तर ते त्या सावलीत आणता येईल. घरी न सापडणारी बाई तेथे निश्चित सापडते. मीठ-साखरेचे पाणी, ताक, पन्हे यांची माहिती प्रत्येक घराला आहे. ते रानात कोणी न्यायचे, एवढाच प्रश्न.

सर्वांत अवघड भाग मजुरीचा. किलोवर मोल ठरते तोवर बाई सावलीला थांबणार नाही. तेव्हा दुपारच्या दोन तासांची सुटी, तिच्या बदल्यात पहाटे लवकर सुरुवात, आणि गर्भवतीला हलके काम देऊनही पूर्ण रोज, या गोष्टी दराबरोबरच ठरवाव्या लागतील. पहिला वेचा दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो आणि त्याचा दर त्याआधी काही दिवस गावात, पारावर किंवा चावडीपाशी बोलला जातो. त्या बोलण्यात बायका सहसा नसतात.